इस्त्री केलेले डाग

४ ऑगस्ट

मावशी,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस आणि लगेच म्हणालीस, ‘काम पडलं की बरी आठवते मावशी!’ म्हणालीस ना? बरोबरच आहे. काम पडलंय.

नोव्हेंबरात आमचं प्रदर्शन आहे. आम्ही सातआठ जण मिळून करतोय. जागा म्हणजे दोरखंडांची एक जुनी वखार आहे, भिंतींना अजून सुंभाचा वास येतो. तिच्यातली मागची खोली मला मिळालीय. अख्खी खोली, मावशी! सगळं जमवून आणणाऱ्या ज्या बाई आहेत, त्यांना आम्ही चष्मेवाल्या बाई म्हणतो, कारण एक चष्मा नाकावर नि दुसरा केसांत खोचलेला, आणि तरी तिसरा शोधत असतात. त्यांनी हातात किल्ली दिली तेव्हा मला पहिली तुझी आठवण आली. दिवसभर मी अजून दुकानांच्या पाट्यांची अक्षरं कापते, पण संध्याकाळ या खोलीची.

आता मागणं. माळ्यावरच्या पेटीत तुझी ब्रश पुसायची फडकी आहेत, जुन्या चादरी नि उशांचे अभ्रे फाडून केलेली. तू एकही टाकलेलं नाहीस, मला ठाऊक आहे. मला ती सगळी हवीत. ओळीने टांगणार, छतापासून पार गुडघ्यापर्यंत, आणि मागे दिवे सोडणार. माणसाने चित्रासमोर उभं राहायचं नाही, आत शिरायचं.

लहानपणी मी तुझ्या ईझलखाली बसायचे. तुझ्यासमोर बसलेल्या बड्या लोकांची तोंडं मला दिसायचीच नाहीत. कॅनव्हासची पाठ दिसायची, तुझे पाय दिसायचे आणि वरून पडणारं फडकं. खरं सांगू? तू काढलेला एकही चेहरा मला धड आठवत नाही. फडकी मात्र सगळी आठवतात.

आणि तू यायचंस. ही विनंती नाही, हट्ट आहे. इतक्या वर्षांत मी तुला माझं काही दाखवलं नाही आणि तूही कधी दाखव म्हणाली नाहीस. मला तू त्या खोलीत उभी हवी आहेस. बाकी कुत्रं फिरकलं नाही तरी चालेल.

तुझी
ठकू


१३ ऑगस्ट

चि. ठकूस,

आशीर्वाद आहेतच, ते काही मी पत्रागणिक वाटत नाही.

तुझं पत्र दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा वाटलं डोळ्यांनी दगा दिला. या गावातली भलीभली माणसं माझ्यापुढे मान न हलवता बसली, त्यांची चित्रं त्यांच्या लेकरांनी बैठकीच्या खोलीत मानाने लावली, आणि माझ्या भाचीला आठवतं काय? तर फडकी! वा गं वा. उद्या एखाद्या आचाऱ्याला जाऊन सांग, तुमचं जेवण काही आठवत नाही, खरकटं मात्र झकास होतं.

तुला मी डोळा कसा काढायचा ते शिकवलं. आधी खोबण, मग पापणीची सावली, चमक सगळ्यात शेवटी. तुझा हात चांगला होता. माझ्यापेक्षा चांगला होता. हे तुला कधी बोलले नाही, चढून बसशील म्हणून. त्या हातात आता काय आलं? तारा, दिवे, पत्रे नि चिंध्या. मागे एकदा बर्फाचं काहीतरी केल्याचं कळवलं होतंस, ते म्हणे लोक बघेपर्यंत वितळलं. मला एक सांग, जे वितळतं त्याच्यावर सही कुठे करतात?

असो. फडकी पाठवते. तुला नाही म्हणायला मी कधी शिकलेच नाही, तिथेच सगळं चुकलं. पण मी येईन हे डोक्यातून काढून टाक. हातात काम आहे. निवृत्त हेडमास्तर बसतात सध्या, त्यांचं मोठं चित्र शाळेच्या दालनात लागायचंय. मिशा अशा आहेत की त्यांनाच आठवडा जाईल. अर्धं टाकून कशी येऊ?

तूच ये की! खिडकीजवळची तुझी खाट हलवलेली नाही. तिच्यावर कॅनव्हास ठेवते, पण तू आलीस तर काढीन. खालच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई विचारत होत्या, तुमची भाची दातांच्या भीतीने येत नाही की मावशीच्या? मी म्हटलं, दोन्हींच्या.

फोन करण्याचं मात्र मनात आणू नकोस. डॉक्टरीणबाईंच्या फोनवर तुझा आवाज डब्यात अडकलेल्या माशीसारखा येतो, आणि मग दिवसभर मला चैन पडत नाही.

तुझी मावशी


३० ऑगस्ट

मावशी,

पार्सल आलं. वखारीत सगळ्यांना गोळा केलं, म्हटलं या, बघा, माझ्या मावशीचा खजिना. दोरी कापली. वरचा कागद काढला. आत डांबराच्या गोळ्या आणि पांढरीशुभ्र, इस्त्री केलेली, चौकोनी घड्यांची थप्पी.

मला वाटलं दुसऱ्याच कुणाचं पार्सल आलं. मग एका अभ्र्यावरची निळी किनार ओळखली आणि खाली बसले. चष्मेवाल्या बाई म्हणाल्या, ‘हॉस्पिटलातून मागवलंय का?’

मावशी, तू ती धुतलीस? सगळी? अगं, डाग हवे होते मला! डागांसाठी तर सगळा आटापिटा. तुझ्या आयुष्यभराच्या कामाचा तेवढाच एक पुरावा होता, जो तू कुणाला विकला नव्हतास, आणि तू तो साबणाने घासून काढलास. मी हसले, मग रडले, मग वीजवाला दादा म्हणाला, ‘ताई, दिव्यांचं काय करू?’ म्हणून पुन्हा हसले. पण आतून इतकं तुटलं, तुला काय सांगू. तिथे असते तर तुझ्याशी कडकडून भांडले असते आणि तुझ्याच मांडीवर डोकं ठेवून झोपले असते.

आता असं कर. तू हेडमास्तरांचं चित्र काढतेच आहेस. त्यावर जी फडकी वापरशील ती तशीच पाठव. धुवायची नाहीत, झटकायचीसुद्धा नाहीत. मुद्दाम काही करू नकोस. रोज जसं काम करतेस तसं कर. महिनाभराची पुरेत.

आणि येण्याचं उत्तर ‘हातात काम आहे’ हे मी धरत नाही. चित्र नोव्हेंबरपर्यंत संपेल. मिशांसकट.

ठकू


८ सप्टेंबर

चि. ठकूस,

ज्याचं करावं भलं तो म्हणतो माझंच खरं!

चारचौघांत टांगायची म्हणालीस ना? मग मी काय चिकट, मळकी, वास मारणारी फडकी पाठवू? लोक काय म्हणतील, ही चित्रकारीण की गॅरेजवाली? रॉकेलमध्ये बुडवली, सोड्याच्या पाण्यात उकळली, धुण्याच्या दगडावर घासली. डॉक्टरीणबाई मदतीला होत्या, त्यांनी दात घासायचे जुने ब्रश आणून दिले. आम्ही दोघी गच्चीवर बसून एकेक कोपरा घासत होतो नि त्या म्हणत होत्या, हिरड्या जपा, हिरड्या! माझ्या बोटांची सालं निघाली. आणि इस्त्री मी स्वतः केली, कारण इस्त्रीवाल्याने जाळली असती.

तुझ्यासाठी केलं गं. तुझ्या नावाला बट्टा लागू नये म्हणून. तू शाळेत जायचीस तेव्हाही तुझ्या झग्यावर रंगाचा ठिपका दिसू दिला नाही मी. आईविना पोर म्हणून कुणी बोट दाखवायला नको, एवढंच डोक्यात असायचं. ती सवय गेली नाही.

नवीन फडकी पाठवते. रोज जसं काम करते तसंच. हेडमास्तर छान बसतात. काल त्यांनी बसल्या बसल्या घोरायला सुरुवात केली.

येण्याचं पुन्हा पुन्हा काढू नकोस. माणसाला काही अडचण असते.

तुझी मावशी


२ ऑक्टोबर

मावशी,

नवी फडकी मिळाली. काल संध्याकाळी खोलीत एकटीच होते, तेव्हा उघडली. आज तुला लिहितेय आणि कसं लिहावं कळत नाहीये.

मावशी, ही फडकी खोटी आहेत.

रागावू नकोस, ऐक. प्रत्येक तुकड्याच्या मधोमध एकेक डाग आहे, शिक्का मारल्यासारखा. लाल आहे तो नुसताच लाल. निळा नुसताच निळा. तुझ्या फडक्यावर असा रंग मी जन्मात पाहिला नाही. तू गालाचा रंग करायचीस तेव्हा त्यात चार रंग मुरलेले असायचे, आणि फडक्यावर शेवटी उरायचा तो चिखलासारखा, राखाडी, गुलाबीच्या वाटेवर जाऊन परत फिरलेला. चेहरे रंगवणाऱ्या बाईच्या फडक्यावर कातडीचा रंग एकदाही नाही? आणि टर्पेंटाइनचा वास कुठाय? मी तोंड खुपसून हुंगलं. कोऱ्या कापडाचा वास आला.

हेडमास्तर येतात ना, मावशी? तू काम करतेस ना?

तू आजारी आहेस का? मला खरं सांग. मला फडकी नकोत, प्रदर्शन गेलं खड्ड्यात. तू कशी आहेस ते सांग.

ठकू


२० ऑक्टोबर

ठकूस,

इतके दिवस उत्तर दिलं नाही, कारण आधी तुझा भयंकर राग आला. मग स्वतःचा आला. मग वाटलं, बरं झालं बाई, एकदाचं फुटलं.

हेडमास्तर येत नाहीत. मागच्या हिवाळ्यानंतर कुणीच येत नाही.

त्यांचा एक डोळा झाला होता. दुसऱ्याच्या पापणीची रेघ ओढायला गेले आणि ब्रश गालावर उतरला. पुसलं. पुन्हा ओढली, पुन्हा तेच. हात टेकायची काठी लावली, तर काठीच थरथरायला लागली. ते बिचारे भले गृहस्थ, म्हणाले, ‘आज उजेड बरा नाही, पुन्हा कधी येतो.’ खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. ते गेले आणि मी दार लावून घेतलं.

डॉक्टरीणबाई मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. जिवाला धोका नाही म्हणे. हाताचा कंप आहे, राहणार, वाढणारही. लिहिताना मनगट टेबलावर टेकलेलं असतं म्हणून अक्षर तेवढं वाचलं, आणि म्हणून तुला कळलं नाही. तुला कळू नये हेच तर हवं होतं. तू लिहिलंस, रोज जसं काम करतेस तसं कर. ते वाक्य वाचून माझं काय झालं, तुला कल्पना नाही यायची. मग रंगाच्या नळ्या काढल्या आणि अंगठ्याने एकेक डाग थापला. म्हटलं चेहरा नाही तर नाही, डाग तरी जमेल. तोही जमला नाही. भाचीने एकदा हुंगलं नि पकडला गेला!

आता येण्याचं. मी का येत नाही ते उघडच सांगते. तिथे सगळे तुझ्यासारखे असणार. कुणीतरी मला विचारणार, ‘तुम्ही चित्रकार ना? सध्या काय काढताय?’ मी काय सांगू? आणि दुसरंही आहे, तेही लिहून टाकते, मनात ठेवलं तर कुजेल. मला तुझा हेवा वाटतो, ठकू. तू ब्रश आपणहून खाली ठेवलास आणि बाकी सगळं जग उचललंस. माझ्या हातातून ब्रश गळाला, तर दुसरं काहीच उचलता येईना. तुझी ती खोली मला कळली नाही तर वाईट वाटेल, आणि कळली तर जास्त वाईट वाटेल.

मला बघायला धावत येऊ नकोस. कीव केलीस तर दार उघडणार नाही. तुझं काम कर.

मावशी


२७ ऑक्टोबर

मावशी, माझी मावशी,

कीव कसली म्हणतेस! मला तुझा इतका राग आलाय की कीव करायला जागाच उरली नाही. मागच्या हिवाळ्यापासून? आणि मला मिशांच्या गोष्टी सांगत होतीस? घोरण्याच्या?

आई गेली तेव्हा जी बाई येईल ती तुझ्याकडे बघून म्हणायची, ‘माय मरो पण मावशी जगो.’ मला त्या म्हणीचा तिटकारा होता, कारण त्यात आई मरते. आज पत्र हातात धरून मी तीच म्हण पुटपुटत बसले. तू जग, मावशी. हात थरथरू दे, पण तू जग, आणि मला सांगत जा.

तू मला का येत नाहीस ते सांगितलंस. आता मी का येत नाही ते ऐक. तू विचारशील, ‘काय काढतेस सध्या?’ म्हणून. बस, एवढंच. तारा नि दिवे सांगितले की तुझ्या चेहऱ्यावर काय येईल ते मला इथूनच दिसायचं. तू एवढ्या मायेने शिकवलेला डोळा मी कुठेच काढत नाही, हे तुझ्यासमोर उभं राहून सांगायची छाती नव्हती. म्हणजे दोघी एकाच प्रश्नाला घाबरून दोन टोकांना बसलोय. शहाण्याच आहोत!

खोलीचं सांगते. खोटी फडकी मी बाजूला ठेवली. धुतलेली टांगली, सगळी. चष्मेवाल्या बाई म्हणाल्या, ‘यात चित्र कुठेय?’ मी म्हटलं, असेल कुठेतरी. खरं म्हणजे मलाही माहीत नव्हतं. काल वीजवाल्या दादाने मागचे दिवे लावून बघितले. मावशी, तुम्ही दोघींनी एवढं घासलंत, रंग गेला, पण तेल पुरतं गेलं नाही. उजेड मागून आला की जिथे जिथे डाग होता तिथे कापड पिवळसर पारदर्शक दिसतं. पुष्कळ तुकड्यांत काहीच दिसत नाही, तेही कबूल करते. पुष्कळदा नुसता वाळत घातलेला कपडा दिसतो. चांगलं झालंय की फसलंय, मी सांगू शकत नाही. तू सांगू शकशील.

दहा नोव्हेंबरला संध्याकाळी उघडतोय. चित्रकार म्हणून येऊ नकोस. मावशी म्हणून ये. मला तुझी फार, फार आठवण येते. दिवसा कात्री चालवतानाही येते.

ठकू


१६ नोव्हेंबर

मावशी,

तू आली नाहीस. पत्रही नाही.

खोलीच्या दाराशी तुझ्यासाठी खुर्ची ठेवली होती. सगळी माणसं तिच्यावर आपले कोट टाकत होती आणि मी पुन्हा पुन्हा जाऊन ते काढत होते. शेवटी चष्मेवाल्या बाईंनी विचारलं, कुणाची वाट बघतेस? मी म्हटलं, ज्यांनी ही फडकी धुतली त्यांची. मग त्या स्वतःच खुर्चीजवळ उभ्या राहिल्या, कोट टाकायला आलेल्यांना हाकलायला.

लोक आत जातात. काही लगेच बाहेर येतात. एक आजोबा बराच वेळ आत राहिले आणि बाहेर येऊन म्हणाले, ‘आमच्या घरी पूर्वी अशा चादरी होत्या.’ बस. दुसऱ्या कुणी तर विचारलं, ‘विकायला आहेत का? पडद्याला बऱ्या होतील.’ वर्तमानपत्रात चार ओळी आल्यात, त्यात माझं नाव चुकवलंय. मला त्याचं काही वाटलं नाही. तू नव्हतीस याचं वाटलं.

तू बरी आहेस ना? रागावली असलीस तर रागाचं पत्र लिही. शिव्या दे. पण असं गप्प बसू नकोस. गप्प बसलीस की मला काहीबाही सुचतं. महिनाअखेरपर्यंत प्रदर्शन आहे.

ठकू


२२ नोव्हेंबर
तुझ्या खोलीतून

मावशी,

हे पत्र मी माझ्याच पत्त्यावर टाकणार आहे. असला गाढवपणा आपल्या घराण्यात दुसऱ्या कुणी केला असेल असं वाटत नाही.

उत्तर येईना तेव्हा राहवेना. काल चष्मेवाल्या बाईंना खोली सांभाळायला सांगितली, घराची किल्ली त्यांच्याकडे दिली आणि गाडीत बसले. सगळ्या वाटेत मनाशी भांडत होते, दार उघडलं नाही तर पायरीवर बसून राहीन म्हणून. जिने चढून वर आले तर दाराला कुलूप. धडपडत खाली दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई एकाच्या तोंडात आरसा घालून बसल्या होत्या, तो तिथेच विसरून ओरडल्या, ‘अगं बये! ती कालच तुझ्याकडे गेली!’

म्हणे तुला सांगायचं नव्हतं. म्हणे तू नवा कोट शिवायला टाकला होतास आणि शिंप्याने ताटकळवलं, म्हणून उशीर झाला. उत्तर लिहीत बसण्यापेक्षा आपणच पोचू म्हणालीस. मी तिथेच बाकावर बसून रडले. पेशंटने तोंडातला आरसा काढून हातात धरला आणि मला पाणी दिलं.

त्यांच्याकडून किल्ली घेऊन वर आलेय. हेडमास्तर भिंतीकडे तोंड करून होते, वळवून ठेवले. एका डोळ्याने बघतायत. तो डोळा, मावशी! पाणी आहे त्यात. माणूस बोलेल असं वाटतं. मला तुझे चेहरे आठवत नाहीत असं मी कसं लिहिलं, कोण जाणे. मी ते कधी बघितलेच नव्हते, ईझलच्या चुकीच्या बाजूला बसले होते मी. आज संध्याकाळपर्यंत हलले नाही समोरून.

दुसरा डोळा काढावा असं वाटलं. खोटं कशाला बोलू, ब्रश हातात घेतलाही होता. मग ठेवला. तुला विचारल्याशिवाय नाही. तू शेजारी बसून सांगितलंस, खोबण आधी, चमक शेवटी, तर काढीन. नाहीतर राहू दे असाच, तोही चांगला आहे.

लगेच परतीच्या गाडीला बसणार होते. डॉक्टरीणबाईंनी दंड धरून बसवलं. म्हणाल्या, तूही निघशील, तीही निघेल, आणि तुमची पुन्हा चुकामूक. खाटेवरचे कॅनव्हास उतरवलेत. मी इथेच थांबते. कितीही दिवस लागोत, मी हलणार नाही. तू परत ये.

ठकू


२२ नोव्हेंबर
तुझ्या खोलीतून

चि. ठकूस,

कुठे उलथलीस गं तू?

वखारीच्या दाराशी त्या दोन चष्म्यांच्या बाई भेटल्या. मी नाव सांगायच्या आत म्हणाल्या, ‘तुम्ही मावशी!’ आणि दुसऱ्याच श्वासाला, ‘ती तर तुमच्याकडे गेली.’ मी कपाळावर हात मारून घेतला. देव देतो नि कर्म नेतं म्हणतात ते असं. भल्या बाई आहेत, आधी मला त्या खुर्चीवर बसवलं, मग तुझ्या खोलीत घेऊन गेल्या.

पहिल्यांदा वाटलं, धोब्याच्या अंगणात आले. खरं तेच लिहिते. मग त्या निघून गेल्या आणि मी एकटी राहिले. उजेडात ते तेलाचे डाग दिसले. ओळखायला वेळ लागला. पण एक ओळखला, मग दुसरा, मग थांबताच येईना. कोणता चेहरा काढत होते, तेव्हा खिडकीत काय होतं, तू केवढी होतीस. मी त्या तुकड्यांत उभी राहून जोरजोरात बोलत होते, आणि एक तरुण बाई आत येऊन चपापून उभी राहिली.

ठकू, आत कुणी चाललं की त्या वाऱ्याने सगळी फडकी हलतात. हे तू मला लिहिलं नव्हतंस. मी एकाला हात लावायला गेले. लावायचा नसतो, ठाऊक आहे, पण ती माझीच आहेत. हात नेहमीसारखा थरथरत होता, आणि भोवतालचं सगळंच थरथरत होतं, उजेडसुद्धा. मागच्या हिवाळ्यापासून पहिल्यांदा मी माझ्या हाताकडे बघितलं आणि तो लपवला नाही.

ती तरुण बाई जवळ आली आणि तिने विचारलंच, ज्याची मी धास्ती घेतली होती तेच. ‘तुम्ही चित्रकार आहात का?’ मी म्हटलं, हो. सध्या काय काढता, ते काही तिने विचारलं नाही. आम्ही दोघी उभ्या राहिलो, बस.

हे चित्र आहे की नाही, ते मी ठरवलं आहे. पत्रात सांगणार नाही. तू शेजारी उभी राहा, मग सांगते. इतकी वर्षं नुसतं कागदावर बोललो, हे तोंडानेच सांगायचं आहे, आणि सांगताना तुझं तोंड मला बघायचं आहे.

लगेच परतायला निघाले होते. पिशवी खांद्याला लावली होती. मग मनात आलं, तू उतावळी, कुलूप बघून आल्या पावली माघारी फिरली असशील, आणि मीही निघाले तर पुन्हा दोन गाड्या एकमेकींना ओलांडून जातील. तेव्हा त्या दोन चष्म्यांच्या बाईंकडून तुझ्या घराची किल्ली घेतली. तुझ्या टेबलावर कात्र्याच कात्र्या, लिहायला जेमतेम जागा केली आहे. जिन्यात कुणाचं पाऊल वाजलं की उठून दार उघडते. आत्तापर्यंत सगळी शेजाऱ्यांचीच निघाली.

मी इथून हलायची नाही. तू ये. लवकर ये गं.

तुझी मावशी